पंख्यातल्या अक्षता

परतवाड्यात एसटी स्टँडसमोर माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याताईच्या पेचकसापेक्षा तिची जीभ जास्त चालते, असं गिऱ्हाइकं माझ्याबद्दल म्हणतात. खोटं नाही ते.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी अचलपूरहून एक काकू आल्या. लॅपटॉप खणाच्या कापडात गुंडाळलेला. बटण दाबलं की दिवा लागायचा, आत घरघर व्हायची आणि अर्ध्या मिनिटात सगळं बंद. मी मागचं झाकण काढलं, तर पंख्याच्या पात्यांत तांदळाचे दाणे अडकलेले, कुंकवासकट. पंखा फिरत नव्हता, म्हणून मशीन तापायचं आणि तापलं की बंद पडायचं.

"काकू, हा लॅपटॉप आहे का तुळशीवृंदावन?" मी कडाडले. आमच्या घरी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लागते, त्यामुळं अक्षतांचा राग मला जरा चटकन येतो. "याले हवा लागते, तांदूळ नाही लागत!"

"चुकलं, बाई," त्या म्हणाल्या. "सोहमचा आहे तो. माझ्या पोराचा."

त्यांचं नाव अनसूया. सोहम अमरावतीला बँकेच्या मुलाखतीला निघाला आणि रस्त्यात त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. त्याला अकरा महिने झाले होते. वर्ष सरलं नव्हतं म्हणून घरात सण नव्हता, पण पोराच्या लॅपटॉपची पूजा त्यांनी केलीच. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यानं बोलण्याचा सराव करताना आपला आवाज त्यात भरून ठेवला होता. त्या रोज सकाळी तो ऐकायच्या.

"पूजा केली अन् दुसऱ्या दिवशी बंद पडला," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं गेला का गं तो आवाज?"

मला माझ्या जिभेची लाज वाटली. "आवाज कुठंच जात नाही, काकू. उद्या या."

काम दहा मिनिटांचं होतं. चिमट्यानं दाणे काढले, पंखा पुसला, मशीन सुरू झालं. मी ती फाइल लावून पाहिली. 'नमस्कार, माझं नाव सोहम. मी अचलपूरचा राहणारा...' चार मिनिटं तो बोलला. शेवटी 'धन्यवाद' म्हणाला, आणि मागून अनसूयाकाकूंची हाक आली. 'सोहम, पोळी निवून राहिली रे!' तो हसला. 'आलो, आई.' तिथं संपलं.

संध्याकाळी त्यांचे यजमान आले. रविकांत काका, कोर्टात वकील. उभ्याउभ्याच बोलले.

"सुधरत नाही म्हणून सांगून द्या तिले."

"सुधरला तो. खोटं काहून सांगू?"

"रोज ते 'आलो, आई' ऐकते अन् त्याचं ताट वाढते," काका म्हणाले. "ताट थंड होते. पण ही काही खात नाही. दोनदा चक्कर येऊन पडली. मी लॅपटॉप फोडाले घेतला होता, हात उचलला नाही. त्याच्यात माझंही पोरगं आहे ना." आणि कोर्टात भांडणारा तो माणूस माझ्या काउंटरला धरून रडला.

मी नाही म्हटलं. पण रडणारा बाप पाहवेना, आणि मला माझ्या हुशारीचा भारी तोरा. मी म्हणाले, "आवाज ठेवते. फक्त शेवटचं काढते. हाक नाही, उत्तर नाही, तर ताटही नाही." काकांनी हात जोडले. 'धन्यवाद'नंतरचे सहा सेकंद मी कापले, आणि काकूंच्या हाती जुनी फाइल लागू नये म्हणून त्याच फाइलवर सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी फाइल लावली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या, ओठांनी त्याच्याबरोबर बोलत होत्या. 'धन्यवाद' झालं. त्या थांबल्या. मग कान मशीनला लावला.

"पुढं आहे, बाई. मी हाक मारली ना त्याले."

"तेवढं खराब झालं, काकू," मी म्हणाले.

"अक्षतांनी?"

काकांनी मान खाली घातली. काकूंनी आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं आणि ते पदराखाली लपवले. ते मात्र मला सोसलं नाही.

"अक्षतांनी नाही. मी कापलं."

"मी सांगितलं होतं तिले," काका पुटपुटले. "तू जेवत नव्हती, अनू." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, जोडून द्या ते परत."

"नाही जोडता येत, काका. त्याच्यावरच सेव्ह केलं." मी कितीतरी मशिनं मेल्याचं लोकांना तोंडावर सांगितलं आहे. हे एक वाक्य मी काउंटरकडं पाहून सांगितलं.

मला वाटलं, त्या ओरडतील, शिव्या देतील. मला तेच हवं होतं. त्यांनी लॅपटॉप मिटला, खणात गुंडाळला, गाठ मारली.

"तुमाले दोघायले वाटलं, मी येडी झाली," त्या म्हणाल्या. "तो येणार नाही, हे मले माहीत होतं, बाई. पण आलो म्हणत तर होता."