सरळ लेबलाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी औषधाची बाटली आहे. जुनी म्हणजे झिजलेली किंवा चरे पडलेली नव्हे. आजवर कुणा आजाऱ्याने माझे झाकण उघडले नाही आणि माझ्यातला एक थेंबही कुणाच्या घशाखाली उतरला नाही. औषधाच्या बाटलीच्या नशिबी याहून लाजिरवाणे जिणे ते कोणते, असे मला पुष्कळ काळ वाटत असे. आता तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. रसरशीत काचेचा गोळा साच्यात पडला, त्याच्यात हवेचा झोत शिरला आणि मी तपकिरी रंगाची, गोल खांद्यांची बाटली होऊन बाहेर आले. उजेडाने औषध बिघडू नये म्हणून आम्हाला हा रंग देतात. तेथून खोक्यात बसून मी औषधाच्या एका छोट्या कारखान्यात गेले. त्याच्या तळमजल्यावर औषध भरण्याची खोली होती, वरच्या मजल्यावर लेबलांची खोली होती, मागे ड्रम ठेवायची पत्र्याची शेड होती आणि जिन्याखाली एक अरुंद, कोंदट खोली होती. माझे बहुतेक आयुष्य त्या जिन्याखालीच गेले.

आमच्यात लहान मुलांच्या खोकल्याचे गोड औषध भरले गेले. मग लेबल आले. लेबलावर नाव मात्र या छोट्या कारखान्याचे नव्हते. जगातल्या सगळ्यांत मोठ्या औषध कंपन्यांची नावे घ्यायला कुणी बसले, तर पहिल्या काहींतच जिचे नाव येईल, अशा कंपनीचे नाव निळ्या ठसठशीत अक्षरांत छापलेले होते. आमच्या कारखान्याचे नाव तळाशी, मुंगीच्या पायाएवढे. औषध यांनी करायचे आणि नाव त्यांनी द्यायचे, असा व्यवहार होता. त्या कंपनीच्या काचेच्या उंच इमारती कितीतरी देशांत होत्या म्हणे, पण खोकल्याचे स्वस्त औषध स्वतः करत बसणे तिला परवडत नसे. मला तेव्हा एवढे कुठे कळत होते! अंगावर एवढे मोठे नाव आले म्हणून मी फुगून गेले होते.

ते नाव मला चिकटवले लेबलताईने. कारखान्यात तिला सगळे याच नावाने हाक मारत. बोटे सडपातळ, नखांत कायम वाळलेला डिंक. तिचा हात इतका सरळ होता की इतर बाया तिला चिडवत, “हिच्या पोटात पट्टी आहे गं!”

खरी पट्टी होती ती मोठ्या कंपनीच्या माणसाकडे. तो दर खेपेला पोलादी पट्टी घेऊन यायचा, म्हणून त्याचे नाव पट्टीसाहेब. एकेक बाटली खिडकीपाशी धरून तो लेबल मोजायचा. केसभर तिरपे दिसले तरी बाटली बाजूला. “आमचं नाव वाकडं दिसता कामा नये,” असे तो घसा ताणून सांगायचा. मागच्या शेडमध्ये मात्र तो कधी डोकावला नाही. तिथल्या ड्रममध्ये काय आहे, ते कुठून आले, कुणी तपासले, हे त्याच्या पट्टीवर मोजता येण्यासारखे नव्हते.

बाजूला काढलेली बाटली विकता येत नसे. आतले औषध तर तेच. म्हणून जिच्या हातून लेबल वाकडे गेले, तिने ती बाटली घरी न्यावी, अशी तिथली रीत होती. मालकही त्याकडे कानाडोळा करायचे.

आमच्या खेपेत, म्हणजे आमच्याबरोबर एकाच वेळी भरलेल्या बाटल्यांत, अशी एकच बाटली निघाली आणि ती लेबलताईच्या टेबलावर. मी तिला चिकटूनच उभी होते, त्यामुळे मी स्वतः पाहिले. लेबलताईने दाराकडे नजर टाकली, अंगठा किंचित वळवला आणि लेबल वाकडे दाबले. तिच्या घरी चार वर्षांची मुलगी खोकत होती. तिला ठमी म्हणायचे. शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या नजरेतून ते सुटले नाही.

“मुद्दाम लावलंस ना गं?”

“गप बस. ऐकेल कुणीतरी,” लेबलताई म्हणाली, आणि दोघी तोंडावर पदर धरून हसल्या.

माझी ती शेजारीण संध्याकाळी डब्याच्या पिशवीत बसून ठमीकडे गेली. बाकीची भावंडे मोठमोठ्या खोक्यांतून गावोगावी, समुद्रापारसुद्धा गेली. मी आणि आणखी एक बाटली, आम्हा दोघींना मात्र जिन्याखालच्या कपाटात ठेवले. प्रत्येक खेपेतल्या दोन बाटल्या अशा राखून ठेवतात. उद्या कुणाची तक्रार आली, तर याच बाटल्या उघडून तपासायच्या. या कपाटाची किल्ली एका वयस्कर माणसाकडे असे. त्याला सगळे नमुनेकाका म्हणत. तो आम्हाला फडक्याने पुसायचा आणि पुन्हा अंधारात लोटायचा. मी मनातल्या मनात धुसफुसत असे. भावंडे मुलांना बरी करत असतील, आया त्यांना दुवा देत असतील, आणि मी इथे झुरळांची सोबत करते आहे!

मित्रांनो, किती वेडी होते मी.

काही दिवसांनी लेबलताई जिन्याखाली आली आणि कपाटाला पाठ लावून खाली बसली. ती कामावर परतली होती, पण तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. नमुनेकाकांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. ठमी गेली होती. औषध सुरू केल्यावर तिला उलट्या झाल्या, मग लघवी बंद झाली, अंग सुजले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत पोर हातची गेली.

“काका, डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला. किती चमचे दिले?” ती म्हणाली. “सासूबाई तर येईल-जाईल त्याला सांगतायत, हिचा हातच सैल. दोनाचे चार दिले असतील. आणि हे, हे काहीच बोलत नाहीत. जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात.”

“तू किती दिलेस?”

“दोनच. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पण पोरगी रडत होती, मी पेंगुळले होते. एखादा जास्त गेला असेल का हो? मी जितकं आठवायला जाते, तितकं कमी आठवतं.”

काकांनी पाण्याचा पेला तिच्याकडे आणखी सरकवला. उत्तर माझ्याकडे होते का? खरे सांगते, नव्हते. बाटलीला आपल्या पोटात काय आहे ते कळत नाही. भरणारा जे भरतो, ते ती मुकाट धरून ठेवते.

घरची बाटली तपासावी, तर सासूबाईंनी ती धुऊन तिच्यात तेल भरले होते.

मग एके दिवशी ट्रक उलटे येऊ लागले. आमच्या खेपेचा माल मोठ्या कंपनीने परत मागवला होता. वर्तमानपत्रात चौकटीत बातमी होती: लेबले वाकडी लागल्यामुळे काही माल परत घेण्यात येत आहे, ग्राहकांनी काळजी करू नये. कारखान्यात सगळ्यांनी लेबलखोलीच्या नावाने बोटे मोडली. लेबलताई मात्र धावत खाली आली आणि परत आलेली खोकी उघडून बघू लागली. एक बाटली, दुसरी, तिसरी.

“काका, ही सगळी लेबलं सरळ आहेत,” ती म्हणाली. “त्या खेपेत वाकडं एकच होतं. ते मी घरी नेलं. मग हे कशासाठी परत बोलावतायत?”

ती मालकांकडे गेली. मालक म्हणाले, “तू लेबलं लाव, डोकं लावू नकोस.” परत आलेला माल त्याच आठवड्यात ओतून टाकला गेला. मोठ्या कंपनीची दोन गुळगुळीत बोलणारी माणसे जिन्याखालीही आली आणि आम्हा दोघींना मागू लागली. नमुनेकाका म्हणाले, “न्या की, फक्त नेल्याची सही करा.” ती माणसे एकमेकांकडे पाहू लागली. सही केली तर बाटली त्यांच्या गळ्यात पडणार होती. “राहू द्या,” एकजण हसून म्हणाला, “मुदत संपली की तुम्ही त्या नष्ट करताच ना?”

म्हणजे त्यांना काही करायचेच नव्हते. फक्त वाट बघायची होती.

लेबलताई सरकारी औषध निरीक्षकांकडे जाऊन आली. ते म्हणाले, “बाई, त्याच खेपेची न उघडलेली, लेबल शाबूत असलेली बाटली आणा. मी स्वतः यायचं तर वरून परवानगी लागते. ती माझ्या हातात पडायच्या आधी तुमच्या मालकाला कळेल, आणि मी पोचेपर्यंत बाटली मोरीत रिकामी झालेली असेल.” ती काकांच्या पाया पडली. काकांनी पाय मागे घेतले.

“बाटली हलली की माझी नोकरी गेली, पोरी. या वयात मला कोण ठेवून घेणार?”

तिने पुन्हा विचारले नाही. पण येता-जाता ती कपाटाकडे बघायची, आणि मी आतून तिच्याकडे. मला पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडायची संधी दिसत होती, आणि मला पाय नव्हते.

अखेर आमची मुदत संपली. आता मोठ्या कंपनीचा आणखी एक नियम ऐका. तिचे नाव असलेली बाटली कचऱ्यात दिसता कामा नये, म्हणून ओतण्याआधी लेबल खरवडून काढायचे. आणि हे काम कुणाचे? लेबलखोलीचे. लेबलताईला मागच्या अंगणात बसवले, पुढे कोमट पाण्याची बादली, हातात पाते. काकांनी जुन्या बाटल्यांचा ट्रे आणून ठेवला. माझी कपाटातली जोडीदारीण पहिली गेली. पर्यवेक्षक शेजारीच उभा होता. लेबल निघाले, झाकण निघाले, औषध मोरीत गेले. गोड वास दरवळला.

पर्यवेक्षकाला वरून हाक आली आणि तो जिना चढला. नमुनेकाकांनी मला उचलले, कोरड्या फडक्याने पुसले, लेबलताईच्या मांडीवर ठेवले आणि पाठ फिरवून म्हणाले, “नळ गळतोय वाटतं. बघून येतो.”

नळ गळत नव्हता.

डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या फडक्याखाली, मी फाटकापर्यंत आले. तिथला पहारेकरी सगळ्यांच्या पिशव्या तपासायचा. त्याने फडके बाजूला केले आणि मी दिसले.

“हे काय?”

“औषध.”

“कुणासाठी?”

लेबलताईच्या तोंडून सवयीने निघून गेले, “ठमीसाठी.”

ठमीला पोचवायला स्मशानात गेलेल्यांत तो पहारेकरीही होता. त्याने फडके पुन्हा माझ्यावर ओढले, नीट चारी बाजूंनी खोचले आणि म्हणाला, “जा लवकर.”

निरीक्षकांच्या प्रयोगशाळेत माझे झाकण उघडले. आयुष्यभर ज्या क्षणासाठी मी झुरले तो आला, आणि मित्रांनो, तेव्हा माझ्या पोटात विषच निघाले. औषध दाट व गोड करण्यासाठी जो द्रव घालतात, त्याच्या ऐवजी यंत्रांत घालायचा स्वस्त द्रव त्या ड्रममधून आला होता. दिसायला तसाच, चवीलाही गोड. वाकड्या लेबलाच्या बाटलीत तो होता, माझ्यात होता आणि आमच्या सगळ्या खेपेत होता.

निरीक्षकांनी लेबलताईला समोर बसवून हे सांगितले. तिने सगळे ऐकले आणि एकच विचारले.

“म्हणजे दोन चमचेच दिले असते तरी?”

“दोन काय, एकानेही झालं असतं. तुमच्या हातात काहीच नव्हतं, बाई.”

ती किती तरी वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसली. मग म्हणाली, “साहेब, लेबल मी मुद्दाम वाकडं लावलं होतं. फुकट मिळावं म्हणून. सरळ लावलं असतं तर ती बाटली माझ्या घरी आलीच नसती.”

निरीक्षक भला माणूस होता, त्याने हातातले पेन खाली ठेवले. लेबल सरळ लावले असते, तर ती बाटली दुसऱ्या कुणाच्या घरी गेली असती. हे तिलाही ठाऊक होते, त्यालाही आणि मलाही. अशा गोष्टीने कोणत्या आईचे समाधान होते?

पुढचे थोडक्यात सांगते. मोठ्या कंपनीने हात वर केले. आम्ही फक्त नाव दिले होते, असे ती म्हणाली. मालक म्हणाले, ड्रम आला तसा आम्ही वापरला. ड्रम विकणारा सापडलाच नाही. कारखान्याला कुलूप लागले, नमुनेकाका आणि पहारेकरी घरी बसले, आणि ज्या बाया लेबलताईबरोबर हसत होत्या, त्या आता तिला पाहून रस्ता बदलतात. तुझ्यामुळे आमची चूल विझली, असे एकीने तोंडावर सांगितले. सासूबाई मात्र चमच्यांविषयी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मोठ्या कंपनीचे नाव आजही दुकानांच्या फळ्यांवर तसेच निळे आणि सरळ आहे.

मी आता निरीक्षकांच्या कपाटात आहे, अर्धी रिकामी, तोंडाला लाखेची मोहोर. खटला चालू आहे म्हणे.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपून ठेवा. माझी विनवणी उलटी आहे. माझ्यासारख्या राखून ठेवलेल्या बाटल्या वेळेवर उघडा. नाव कितीही मोठे असो, आत काय आहे ते आधी बघा.

आणि एक काम माझ्यासाठी करा. माझी सरळ लेबलाची भावंडे परत मागवण्याआधी दूरदूरच्या घरी पोचली होती. त्या घरांतल्या बायांनी वर्तमानपत्रात एवढेच वाचले की लेबले वाकडी होती. त्या अजून अंथरुणावर पडल्या पडल्या चमचे मोजत असतील. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, मधे एखादा जास्त गेला का? त्यांच्यापर्यंत मला जाता येत नाही. तुम्ही मोठे व्हाल, गावोगावी जाल. अशी एखादी आई भेटली, तर तिला सांगा, बाई, तुझा हात चुकला नव्हता.