दोन वाट्यांचं तीर्थ

भिवपुरीच्या वीजघराच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात गावदेवीच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. दिवस दुसऱ्या महायुद्धाचे, त्यात वैशाख, आणि घरोघरी हिवताप. घाटावरून उतरलेले हिरामणबुवा पाटावर बसले होते. पुढ्यात कापूर जळत होता, धुपाचा धूर कोंदला होता आणि दोन पितळी वाट्यांमध्ये तीर्थ होतं. बुवा लिंबाचा लांब काटा तीर्थात बुडवायचे आणि समोर आलेल्याच्या दंडात टोचायचे.

"देवी आतलं इख वढून काढती," बुवा सांगत. "करणी नसंल तर काटा सुकंल. आसंल तर तितं पू धरंल. देवी खोटं बोलत नाय, बाबांनो. खोटं बोलायला तिला सवड कुटं हाय?"

देवीला सवड नव्हती. बुवांना मात्र भरपूर होती. आणि घडायचंही अगदी तसंच. बहुतेकांची टोच सुकून जाई, पण काहींचा दंड लाल होऊन टरारून येई आणि आत पिवळा पू दिसू लागे. लोक हात जोडत. ज्यांचे दंड सुजले, त्यांची घरं गावाच्या खालच्या अंगाला, एकाच घराच्या आसपास होती. बुवांनी नाव कुणाचं घेतलं नाही. नुसता काटा तिकडे रोखला आणि म्हणाले, की तिकडं एक नजर आहे, एकटी नजर.

तेवढं पुरलं. त्या घरात सोनुबाई राहायची.

सोनुबाईला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याच्या काठचं भाताचं शेत तिनं एकटीनं राखलं होतं. शेजारचं शेत तिच्या दिराचं, येसाजीचं. बुवांना घाटावर जाऊन घेऊन आला तोही येसाजीच. पण या दोन गोष्टी जोडून पाहाव्यात असं गावात कुणालाच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर ती गेली की बायका अर्ध्यातच दोर ओढून चालू लागल्या. दुकानदार तिला काय हवं ते विचारीना. ती बोट दाखवी आणि तो पुडी लांबून सरकवी. सगळ्यांत जिव्हारी लागलं ते जनीचं. भिंतीला भिंत लागून घर, किती तरी पावसाळे दोघींनी एका ओळीत वाकून लावणी केलेली. जनीचाही दंड सुजला होता. सोनुबाई अंगणात आली की जनी आत जाई.

बरेच दिवस असे गेल्यावर एकदा सोनुबाईनं तिला हाक मारली, तर आवाजच नीट फुटला नाही. बोलायला माणूस नसलं की घसाही गंजतो, हे तिला तेव्हा कळलं. याहून वाईट पुढे होतं. तिला स्वतःच्याच डोळ्यांची भीती वाटू लागली. वाटेत कुणाचं पोर दिसलं की ती मान खाली घाली. घागरीतल्या पाण्यात स्वतःचा चेहरा दिसला की मनात येई, इतकी माणसं म्हणतात, तर खरंच असेल का काही?

मग एका सकाळी भिंतीपलीकडून जनीचं कण्हणं ऐकू आलं. बुवांनी तिला दवाखान्यात जायला मना केलं होतं. सोनुबाई थोडा वेळ ऐकत राहिली. मग उठली आणि ऊन चढायच्या आत भिवपुरीला, कामगारांच्या चाळीजवळच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टर गुप्त्यांसमोर उभी राहिली.

"डाक्टर, माजे डोळे तपासा," ती म्हणाली. "त्यात काय वाईट हाय का ते सांगा. आसंल तर मी गाव सोडते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला उजेडात बसवून दोन्ही डोळे नीट पाहिले. मोतीबिंदू धरायला लागलाय, दुसरं काही नाही, असं सांगितलं, आणि हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं म्हणून विचारलं. कुणी काही विचारलं याचीच तिला सवय राहिली नव्हती. सांगायला तिला फार वेळ लागला. डॉक्टरांनी मध्ये एकदाही घाई केली नाही.

ते तिच्याबरोबरच गावात आले, सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन. आधी त्यांनी जनीचं गळू फोडून धुतलं, पट्टी बांधली. तिच्या पुवाचा थेंब काचेवर घेतला. जनीचा नवरा नामा याच्या पायात शेतातला बोराटीचा काटा मोडून पिकला होता; त्याच्याही पुवाचा थेंब घेतला. दोन्ही काचा रंगवून ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मग पेटी उचलून पारावर, बुवांच्या पाटापुढे गेले. गाव मागोमाग गेलं.

पू म्हणजे विष नव्हे, असं डॉक्टरांनी सांगायला घेतलं. आपल्या रक्तात डोळ्यांना न दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. अंगात कुठे जंतू शिरले, की त्या जंतूंतून आणि दुखावलेल्या मांसातून काही रसायनं पाझरतात. पेशींना त्यांची चाहूल लागते. रसायन जिकडे दाट, तिकडे त्या सरपटत निघतात, रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतूंना गिळतात आणि तिथेच मरतात. त्या मेलेल्यांचा ढीग म्हणजे पू.

रक्तातलं काही आपणहून चालतं, यावर लोक हसले. डॉक्टरांनी ताजं रक्त मागितलं. कुणी पुढे येईना, तेव्हा सोनुबाईनं बोट पुढे केलं. तिच्या रक्ताच्या थेंबात डॉक्टरांनी नामाच्या पुवाचा कण मिसळून वर पातळ काच ठेवली. वैशाखाच्या उकाड्यात पेशींना हवी ती ऊब आयतीच होती. पहिल्यांदा जनीनं डोळा लावला. हळूच म्हणाली, "यो पांढरा ठिपका सरकतोय. त्या बारीक दान्यांकडं चाललाय."

एकेक करून सगळ्यांनी पाहिलं.

"नामाच्या पुवात पेशी आहेत आणि जंतूही आहेत," डॉक्टर म्हणाले. "जनीच्या पुवात नुसत्या पेशी. जंतू शोधूनही सापडत नाहीत. मग तिच्या पेशींना बोलावलं कुणी?"

बुवा म्हणाले, देवीनं. डॉक्टरांनी दोन्ही बाह्या वर केल्या आणि मलाही टोचा म्हणाले. बुवांनी उजवीकडच्या वाटीत काटा बुडवून त्यांच्या उजव्या दंडात टोचला. आता डाव्या वाटीतलं डाव्या दंडात, असं डॉक्टरांनी म्हणताच बुवा गडबडले. देवी परीक्षा घेऊ देत नाही, म्हणू लागले. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच दुसरा काटा उचलला, डाव्या वाटीत बुडवला आणि टोचून घेतला. दोन्ही वाट्या झाकून त्यांनी वाल्मिक पाटलाच्या घरी ठेवायला दिल्या. म्हणाले, "करणी असली तर माणसाला असते. एक दंड सोडून दुसऱ्यावर बसत नाही. सूज आली की येतो."

ते परत आले तेव्हा डावा दंड टरारलेला होता आणि आत पू धरला होता. उजव्यावर टोच शोधावी लागत होती. बुवा आदल्या पहाटेच घाट चढून गेले होते. पाटलानं वाट्या आणल्या. धूर नव्हता, कापूर नव्हता, त्यामुळे डाव्या वाटीचा वास साऱ्यांना आला. ते टर्पेंटाइन आहे, रंगात मिसळतात ते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मांसात गेलं की झोंबतं, मांस दुखावतं, आणि जंतू नसतानाही पेशी धावत येतात. कुणाला कोणत्या वाटीतलं टोचायचं, एवढंच बुवांना कुणीतरी सांगायला हवं होतं. सगळ्यांनी येसाजीकडे पाहिलं. तो खाली मान घालून निघून गेला.

लोक बुवांना शिव्या देऊ लागले. सोनुबाई मागे उभी होती. ती पुढे आली तशी माणसांनी वाट दिली.

"काटा बुवानं टोचला," ती म्हणाली. आवाज अजून बसलेलाच होता. "माज्याशी बोलायचं तुमी सोडलंत. ते त्यानं नाय केलं. म्होरं कुनी कुनाकडं बोट दाखवलं, तर त्याला आदी इचारा, कशावरनं? करून दाव म्हना, फिरून दाव म्हना. आन् त्याचं उत्तर मिळंस्तवर त्या मानसाशी बोलत रावा."

ती घराकडे निघाली. जनी पट्टी बांधलेला दंड सावरीत तिच्यामागून ओटीपर्यंत आली आणि बसली. सोनुबाईनं तिला पाणी दिलं, आणि तीही टेकली. सांगायचं खूप होतं; सोनुबाईनं आधी जनीची सैल झालेली पट्टी नीट बांधून दिली.