चालत जाणाऱ्यांची सवारी

डिसेंबरच्या धुक्यात लखनौच्या इंदिरा नगरचे दिवे दुधात बुडाल्यासारखे फिकट होतात, आणि त्या ओलसर उजेडातून सुमनमावशी येते तेव्हा आधी तिच्या लाल मफलरचा ठिपका दिसतो, मग रस्त्यावर चाकांची सरसर ऐकू येते. तिच्या ई-रिक्षाला धडधड नाही, धूर नाही. ती येते, जशी सकाळ येते: कुणाची परवानगी न मागता.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, काकांच्या सरकारी नोकरीमागे नागपूरहून लखनौला आलेली. काका गेल्यावर नातलगांनी तिला शिलाई मशीन सुचवलं. तिनं बॅटरीवर चालणारी तीन चाकं घेतली.

मेट्रोच्या फाटकाशी ऑटोवाल्यांचा थांबा होता आणि थांब्याचा रिवाज दगडासारखा पक्का: गाडी पूर्ण भरल्याशिवाय हलायची नाही, गल्लीत शिरायची नाही. थांब्याचे पुढारी पुत्तन भैया तिला पाहून हसले होते.

"दीदी, इसमें पेन्सिल सेल डलता है क्या?"

"पता नहीं भैया. धक्का तो रोज आपकी वाली को लगता है."

मावशीनं त्यांच्या सवाऱ्या, म्हणजे ठरलेली गिऱ्हाइकं, पळवल्या नाहीत. जी माणसं कुणाचीच सवारी नव्हती, त्यांना तिनं हात केला. दुखऱ्या गुडघ्यांनी बँकेत जाणाऱ्या म्हाताऱ्या, भाजीच्या पिशव्यांनी बोटं कापलेल्या बायका, क्लासहून भिंतीच्या कडेकडेनं परतणाऱ्या मुली. हे सगळे चालत जाणारे लोक ऑटोवाल्यांच्या हिशेबात कधी धरलेच गेले नव्हते. ती एकट्या बाईलाही घेऊन निघे, गल्लीत शिरे, दारापर्यंत सोडे. शहाण्यांनी जिथं गिऱ्हाईकच नाही म्हणून पाठ फिरवलेली असते, नेमका तिथं नवा बाजार उगवतो, आणि उगवला की जुन्याच्या मुळाशी जाऊन पोचतो. वर्षभरात ऑटोत बसणारेही तिच्याकडे वळले, आणि थांब्यावरचं हसू आटलं.

मग तिला हाकलणं सुरू झालं. कुणी हवा सोडली, कुणी आडवी गाडी लावली, कुणी हात धरून तिला गाडीतून उतरवलं. ती रोज परत येई, हँडलवर दोन्ही तळवे ठेवून ताठ बसे, जणू ते हँडल नसून सभेतलं व्यासपीठ आहे. शेवटी थांब्यानं तिला रांगेत नंबर दिला. तो तिला कुणी दान दिलेला नव्हता.

या वर्षी फोनवर बोलावता येणाऱ्या, एका कंपनीच्या बाइक आल्या. ज्या मुली मावशीसोबत जात, त्या आता हेल्मेट चढवून भुर्रकन निघून जाऊ लागल्या. पुत्तन भैयांनी ठरवलं की सोमवारी फाटक अडवायचं, बाइकवाल्यांच्या सवाऱ्या उतरवायच्या. जो येणार नाही त्याचा नंबर जाईल. मला ते पटलं होतं. मोर्चांची पत्रकं वाटतच मी मोठी झाले. दूर बसून प्रत्येक फेरीचा वाटा ओढणाऱ्या कंपनीचा मला मनापासून राग आहे, आजही आहे. मी मावशीला म्हटलं, जायलाच हवं.

तिनं मफलर सोडला, पुन्हा घट्ट बांधला, आणि थांब्यावर सगळ्यांसमोर बोलली.

"भैया, कंपनी से लड़ना है तो चलिए, मैं सबसे आगे. लेकिन सवारी को हाथ पकड़के उतारोगे, तो मैं नहीं. मुझे भी ऐसे ही उतारा था आपने."

"सोच लो दीदी. नंबर जाएगा."

"जाने दो."

सोमवारी फाटक अडवलं गेलं. मंगळवारी तिच्या जागी ऑटो उभी होती. मावशी आता मागच्या गल्ल्यांतून फिरते, जिथं थांबा नाही, रांग नाही, आणि सवारीही कमी आहे. म्हाताऱ्या बायका वळसा घालून तिथं जातात. मुली बहुधा जात नाहीत. तिनं त्याची तक्रार केलेली मी ऐकली नाही. नव्याच्या ज्या वाऱ्यानं तिला आणलं तोच तिला ढकलतो आहे, हे तिला माझ्याआधी कळलं असावं, आणि तरी ती त्या वाऱ्यासमोर मान खाली घालत नाही.

फाटकाशी मी अजूनही उभी राहते आणि नजर तिची जागा शोधते. काळ प्रत्येकाची जागा कधी ना कधी दुसऱ्याला देतो. पण हाकललं गेल्याची आठवण उद्या दुसऱ्यावर उगारायची की नाही, एवढं मात्र तो आपल्या हाती ठेवून जातो.