भिंतीला चिकटलेली माणसं

पिंपाची जमीन खाली जायला लागली तेव्हा मी वरच्या गॅलरीत कठड्याला टेकून शेंगदाणे खात होतो. फुकट पासवर आलो होतो, त्यामुळे चेहऱ्यावर थोडा कंटाळा ठेवणं भाग होतं.

पिंप हा त्या करमणूक बागेतला सगळ्यात गर्दीचा खेळ. सहा मीटर व्यासाचं, वरून उघडं लोखंडी पिंप. आत पंधरा-वीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहतात, दार लागतं, पिंप गरगर फिरायला लागतं, आणि वेग पुरेसा झाला की पायाखालची जमीन दीड-दोन मीटर खाली सरकते. माणसं पालीसारखी भिंतीला चिकटून राहतात आणि किंचाळतात. मग जमीन परत वर येते, पिंप थांबतं, माणसं लटपटत बाहेर पडतात. ह्यात जादू काही नाही. फिरणारी भिंत माणसाला आत रेटते, त्या दाबामुळे घर्षण होतं, आणि घर्षण माणसाला तोलून धरतं. बावीस वर्षं मी कॉलेजात हे फळ्यावर लिहीत आलो आहे. दर वर्षी शेवटच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "सर, जाडा माणूस आधी पडतो का हो?" दर वर्षी वर्ग हसतो, आणि दर वर्षी मी सांगतो की वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी उडून जातं, जाडा आणि बारीक दोघं सारखेच.

त्या दिवशी आत माझी मुलगी होती. सोळा वर्षांची. लहानपणी दिसेल त्यावर चढायची म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं, ते अजून सुटलेलं नाही.

भिंतीवर प्रत्येकाच्या उभं राहण्याच्या जागी आकडा रंगवलेला होता. खारूची जागा अकरा नंबरची. पिंप दर दोन सेकंदांनी एक फेरा घेत होतं, म्हणजे दर दोन सेकंदांनी ती माझ्या समोरच्या बाजूने जायची. पहिल्या फेऱ्यांत अकराचा आकडा तिच्या डोक्यामागे झाकलेला होता. मग त्याची वरची टोकं दिसायला लागली. मी एक दाणा तोंडात टाकला. पुढच्या फेऱ्याला अख्खा आकडा दिसला.

तिच्या शेजारच्या बारा नंबरला एक भलेमोठे गृहस्थ होते, शंभर किलोंच्या पुढचे. त्यांचाही बारा आता डोक्याच्या वर दिसत होता. तितकाच. दोघं अगदी सारखे घसरत होते. माझं शिकवणं बरोबर असल्याचा इतका ढळढळीत पुरावा मला आजवर मिळाला नव्हता, आणि मी दाणे खायचं थांबवलं.

त्याच वेळी मला वास जाणवला. ताज्या ऑइलपेंटचा.

इथे थोडं मागे जायला हवं. चारच महिन्यांपूर्वी ह्या बागेची सुरक्षा तपासणी झाली होती. समिती तीन जणांची. एक अभियंता, जे रजेवर होते. एक समाजसेवक, ज्यांनी सगळे पाळणे स्वतः बसून तपासले. आणि एक तज्ज्ञ सदस्य, म्हणजे मी. मी पिंपाचं सगळं गणित केलं. व्यास मोजला, फेरे मोजले, आतल्या भिंतीवरच्या खरबरीत रबरी चटईचं घर्षण धरलं. उत्तर चोख आलं. पण अहवालात 'दोष आढळला नाही' असं लिहिलं की वरून विचारणा होते, मग तुम्ही गेला होतात कशाला? म्हणून प्रत्येक अहवालात एक तरी शेरा टाकायचा, कोणाला न दुखावणारा, अशी आमची पद्धत आहे. मी शेरा टाकला, 'आतील भिंतीची चटई कळकट झाली असून पृष्ठभाग स्वच्छ व तकतकीत ठेवावा.'

बागेचा मालक आज्ञाधारक निघाला. त्याने चटई उपटून टाकली आणि पत्र्यावर नारिंगी ऑइलपेंटचे दोन हात मारले. आरशासारखी चमकत होती भिंत. गॅलरीत वर येताना मीच बायकोला म्हणालो होतो, "बघ, सांगितलं की लोक सुधारणा करतात."

"अहो," बायको माझ्या शेजारी उभी होती. "खारू खाली आलीय का जरा?"

"नाही गं."

"आलीय. मघाशी तिचे पाय भिंतीवरच्या त्या पट्टीच्या वर होते."

मी खाली वाकून पाहिलं. घसरून खालच्या जमिनीवर उतरली तर बिघडलं काय, असं कोणालाही वाटेल. बिघडत होतं ते असं, की पिंपाची भिंत खालपर्यंत जात नव्हती. जमीन तळाला गेली की भिंतीची कड आणि जमीन ह्यांच्यामध्ये वीतभर फट राहायची, सगळीकडून. फटीच्या बाहेर सांगाड्याचे लोखंडी खांब होते, आणि ते फिरत नव्हते. आतल्या प्रत्येक गोष्टीचा ओढा बाहेरच्या बाजूला. पाय त्या फटीपर्यंत पोचला की बाहेर जाणार, आणि बाहेर खांब. तपासणीच्या वेळी मी ही फट पाहिली होती. चटई असताना तिथपर्यंत कोणी पोचणारच नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल लिहिलं नव्हतं.

खारूचा एक बूट सैल होता. तो सुटला, भिंतीवरून घरंगळला, फटीतून गेला. ठण्ण. पुन्हा ठण्ण. मग काहीतरी लांब गवतात पडलं.

बायकोने माझं मनगट धरलं. "थांबवायला सांगा. आत्ताच्या आत्ता."

एवढ्यात गॅलरीतल्या इतरांनाही दिसलं. कोणीतरी ओरडलं, "अरे थांबवा!" आणि बघता बघता तीस-चाळीस माणसं एका सुरात ओरडायला लागली. थांबवा, थांबवा, थांबवा.

गॅलरीच्या टोकाला पत्र्याची टपरी होती, तीत पिंप चालवणारा बसायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. साठीचा, किडकिडीत, कानात कापूस. माणसांना ढकलत मी तिथे पोचलो तेव्हा त्याचा हात ब्रेकच्या दांड्यावर गेला होता.

"थांबवू नका!" मी म्हणालो.

त्याने कापूस काढला. "आं?"

"वेग कमी केलात तर दाब कमी होईल. सगळे एकदम खाली येतील. आधी जमीन वर घ्या!"

"घेतलीय की. बटण दाबलंय." त्याने दाखवलं. "साखळीवर येते ती, दीड मिनिट लागतं. तोवर काय करू? पब्लिक ओरडतंय."

"ओरडू दे. वेग वाढवा."

उस्तादने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक भर रस्त्यात कपडे काढणाऱ्याकडे पाहतात. मग त्याने बोट वर केलं. टपरीच्या भिंतीवर पाटी होती. नियम चौथा: प्रेक्षकांनी आरडाओरड केल्यास यंत्र तत्काळ थांबवावे. खाली समितीच्या सदस्यांची नावं.

"हे वाचता येतं का साहेब? कमिटीचा हुकूम आहे. माझी नोकरी जाईल."

"ती कमिटी मीच आहे!"

"मग तुम्हीच लिहिलंय ना, थांबवा म्हणून?"

"चुकलं माझं! वाढवा वेग!"

"अहो, काय बोलताय तुम्ही?" बायको मागून आली होती. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "मुलगी आहे तुमची आत. थांबवा म्हणतेय मी."

"थांबवलं तर तिचे पाय जातील."

"आणि वाढवलं तर?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर अजिबात माहीत नव्हतं. ताज्या ऑइलपेंटवर घामेजलेल्या सुती कपड्याचं घर्षण किती, हे मी कधी मोजलेलं नाही. माझ्या ओळखीतल्या कोणीच मोजलेलं नाही. पुस्तकातल्या गणितात ते दिलेलं असतं, नसलं तर आपण पॉइंट चार धरतो आणि पुढे जातो. पुस्तकात माणूस एक तर टिकतो किंवा घसरतो. इथे खारू बोटभर घसरायची, थांबायची, मला वाटायचं सुटलो, आणि पुन्हा बोटभर. असं चिकटत चिकटत घसरणं कुठल्या प्रकरणात येतं ते मला आठवेना. कदाचित वेगाने रंगच गरम होऊन मऊ पडेल. कदाचित मोटर जळेल.

"वाढवला की धरून ठेवेल," मी म्हणालो. जन्मात इतक्या खात्रीच्या आवाजात मी काही बोललो नव्हतो.

उस्तादने बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दांड्यावरचा हात काढून दोन्ही हात वर केले. "मी काय नाय करणार. तुमचं तुम्ही बघा." आणि तो टपरीच्या बाहेर गेला.

वेगाचं चाक माझ्या पुढ्यात होतं. काटा तीसवर होता. छत्तीसच्या पुढे लाल पट्टा होता. मी चाक फिरवलं.

पिंपाचा आवाज बदलला, घरघरीचा गुणगुणाट झाला. गॅलरी कापायला लागली. कोणीतरी माझ्या पाठीत गुद्दा घातला. "वेडा आहे का हा! वाढवतोय!" एका बाईने माझी कॉलर धरून ओढली, कॉलर तिच्या हातात गेली, चाक माझ्या हातात राहिलं. बत्तीस. तेहतीस. टपरीच्या खिडकीतून मला पिंपाचा फक्त एक तुकडा दिसत होता, त्यातून आकडे जात होते, नऊ, दहा, अकरा. अकराच्या खाली तिचं डोकं, त्याच्यामध्ये अजून एक बोट जागा वाढलेली. चौतीस. पुन्हा अकरा. जागा तेवढीच की वाढली? पस्तीस. तिचे गाल मागे ओढले गेले होते, तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. साडेपस्तीस. नऊ, दहा, अकरा. तेवढीच. पुन्हा. तेवढीच.

मी मोजत राहिलो. दुसरं काही करता येत नव्हतं. चाकावरचा हात घामाने सटकत होता, आणि मी ते घट्ट दाबून धरलं होतं. खालून साखळीची करकर येत होती, संथ, सरकारी कामासारखी. बायको मागे उभी होती. मारायला आलेल्या माणसाला तिने अडवलं की नाही, मला माहीत नाही. मला पुढचा गुद्दा बसला नाही, एवढंच.

मग एक जड आवाज झाला आणि बटणांच्या फळीवर हिरवा दिवा लागला. जमीन वर आली होती. सगळ्यांच्या पायांखाली.

वेग कमी करायला मला उस्तादला हाक मारावी लागली. हात चाकावरून निघत नव्हते. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली.

दार उघडलं. आतली माणसं बाहेर आली, ओकली, हसली. शंभर किलोंचे गृहस्थ पाठीवरचा नारिंगी रंग दाखवत म्हणाले, "आज जरा जास्तच झालं बुवा. पण मजा आली." पुढच्या खेपेची रांग आत शिरायला लागली, तेव्हा मी दारात आडवा बसलो. मालक धावत आला. मी त्याला फट दाखवली, रंग दाखवला, आणि तो शेरा कोणी लिहिला तेही सांगितलं. रांगेतला एक बाप आपल्या मुलांना घेऊन निघून गेला. बाकीचे पैसे परत मागायला लागले. कुलूप लागेपर्यंत मी उठलो नाही.

खारू कडेला सिमेंटच्या कट्ट्यावर बसली होती, एका पायात बूट, एका पायात मोजा. मी शेजारी बसलो. बायको तिच्या पलीकडे होती आणि मोज्यावरून तिची बोटं मोजत होती. पाच. मग पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा," खारू म्हणाली, "मला आत फक्त तुझा आवाज ऐकू येत होता. सगळे ओरडत होते थांबवा, आणि तू वाढवा म्हणत होतास."

"हो."

"मग मला भीती नाही वाटली. म्हटलं, बाबाला माहितीये."

बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझे हात गुडघ्यांवर होते. मी ते मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसलो.

"माहीत नव्हतं," मी म्हणालो.

खारूने माझ्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला, आणि तिने दोन्ही हातांनी कट्ट्याची कड घट्ट धरली.