हे कुठल्या सालचं?

पहिल्यांदा बघितलं तेव्हा रविवारची दुपार होती. माझ्या मुलाच्या, प्रणितच्या खोलीत चहाचा कप राहिला होता तो आणायला गेले, तर टेबलाखाली स्टीलची लहान बादली, आणि तिच्या तळाला लाल. दोन बोटं भरेल एवढं लाल. दाराची चौकट धरून मी खाली बसले.

तुम्ही म्हणाल, हौसाबाई, एवढं काय घाबरायचं? तर ऐका. माझा नवरा काशिराम मिठागरात होता. दिवसभर उन्हात फळी ओढायचा आणि उतरत्या उन्हाला हातभट्टीवर जायचा. शेवटच्या वर्षी त्याला रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. पहिली झाली तेव्हा मी चुलीतली राख आणून वर टाकली, सगळं सुपलीत भरलं आणि परसात पुरलं. शेजारणीला कळू नये, सासूला कळू नये. लाज वाटायची हो, दुसरं काय. चार महिने मी राख टाकत राहिले, आणि पाचव्या महिन्यात काशिराम गेला. दोन हजार पाच साल. प्रणित तेव्हा नववीत होता.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं, माणसं कंटाळली. मोठा दीर म्हणाला जमीन सांभाळतो, नणंद म्हणाली आईला बघते, पण कावळा झाडावरून हलायला तयार नाही. मग प्रणित पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, दारूचा एक थेंब माझ्या पोटात जाऊ देणार नाय." कावळा उतरला. अख्ख्या गावानं बघितलं. त्या दिवसापासून मुलाच्या बाबतीत मी निर्धास्त होते.

त्या रविवारी मी बादलीपाशीच बसून होते. प्रणित आंघोळ करून आला, मी नुसतं बोट दाखवलं. आधी तो हसला. मग माझं तोंड बघून माझ्याशेजारी फरशीवर बसला आणि सगळं सांगितलं. ती वाइन होती. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात तो पाहुण्यांचं जेवणखाण बघतो एवढंच मला माहीत होतं. खरं काम वेगळंच निघालं. कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यायची ते पाहुण्यांना सांगायचं, बाटली उघडायची, वाढायची. पाच वर्षं माझ्यापासून लपवलं मेल्यानं. आता त्याला त्यातलीच मोठी परीक्षा द्यायची होती. समोर नुसते ग्लास ठेवतात, आणि चव घेऊन देश, गाव, साल ओळखायचं असतं.

"पण पोटात नाय जात, आये," तो म्हणाला. "तोंडात घोळवायची नि थुंकायची. बाबांना दिलेला शब्द नाय मोडला."

मी बादलीला नाक लावलं. आंबूस वास होता, रक्ताचा नव्हता. मग मला राग आला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो हसत होता, मी रडत होते.

त्यानंतर दर रविवारी तो उघडपणे जेवणाच्या टेबलावर बसायला लागला. सूनबाई रिया सातवा महिना लागला म्हणून उरणला माहेरी गेली होती. नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मी समोर वाल सोलत बसायचे. वाल हे निमित्त. मला त्याच्यावर नजर ठेवायची होती, मी काय कालची आहे का.

हॉटेलात उरलेली वाइन तो औषधाच्या छोट्या बाटल्यांतून आणायचा. बाटलीला पट्टी, पट्टीवर साल. सगळ्या बोर्दोच्या. ते फ्रान्समधलं गाव, समुद्राजवळ, नदीच्या तोंडाशी. मळा एकच, वेली त्याच, फक्त वर्षं वेगळी. तो पाच ग्लास मांडायचा, पांढरा कागद ठेवायचा आणि एकेक ग्लास कागदावर तिरपा धरून मला कड दाखवायचा. नवीन असेल तर कड जांभळासारखी. जुनी होत गेली की लाल फिकी पडत कौलाच्या रंगावर जाते. दोन हजार तेराला तिकडं पाऊस झाला, ती पातळ, पाणी घातल्यासारखी. दोन हजार तीनला उन्हानं माणसं मेली म्हणे, तिला मुरंब्याचा वास. दोन हजार दहाची घेतली की सुपारी चघळल्यासारखं तोंड आवळतं. शहाण्णवची सगळ्यात म्हातारी, तळाला गाळ, ओल्या मातीचा आणि तंबाखूच्या डबीचा वास. आणि दोन हजार पाच म्हणजे काय विचारूच नका, असा तो म्हणायचा, फारच चांगलं साल. त्या साली माझं कुंकू गेलं. त्या ग्लासाकडे मी बघायचे नाही.

बाकी मला सगळं लगेच कळलं. मिठालाही साल असतंच. पाऊस लवकर आला की मीठ काळपट येतं, वारा चांगला लागला की दाणा मोठा. काशिराम चिमूट जिभेवर ठेवून सांगायचा, हे मिठागरातल्या कुठल्या कोंडीतलं, म्हणजे वाफ्यातलं, आणि कुठल्या साली काढलेलं. प्रणितची जीभ बापावरच गेली होती, आणि हेच मला भ्या घालत होतं.

तो पट्ट्या ग्लासांखाली चिकटवून ग्लासांच्या जागा बदलायचा. मी रंगावरून ओळीनं लावायचे, तो चवीवरून. पुष्कळदा माझी ओळ बरोबर यायची. तो म्हणायचा, तूच बस परीक्षेला. मी हसायचे, पण डोळे त्याच्या गळ्यावर असायचे. गिळलं की गळ्याची गाठ वर जाते. मी ती गाठ बघायचे. आणि बादली धुवायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं.

सुरुवातीला बादलीत दोन बोटं यायचं. मग दीड आलं. मग एक. ग्लास पाच, घोट तेवढेच, आणि बादलीत कमी. मी मनाला सांगितलं, बेसिनमध्ये थुंकत असेल. विचारलं नाही. विचारलं तर तो उत्तर देईल याचीच भीती होती. मग पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट उशीखाली सापडलं. मग तो भाकरी अर्धी टाकायला लागला. एकदा बोलता बोलता त्यानं छातीखाली हात दाबून धरला, अगदी काशिराम धरायचा तिथंच. तरी मी वाल सोलत राहिले. रात्री देवाला म्हटलं, परीक्षा होऊ दे एकदाची.

परीक्षेला बारा दिवस राहिले होते त्या रविवारी त्याचे तीन ग्लास चुकले. चिडला. मला म्हणाला, आये, तू समोर बसतेस म्हणून सुचत नाही, जरा पड जा. मी आत जाऊन पडले. थोड्या वेळानं खोकल्यासारखा आवाज आला, मग खुर्ची सरकली, मग काहीच नाही.

बाहेर आले तर तो नॅपकिननं तोंड पुसत होता. टेबलावर पाच ग्लास, पाचही रिकामे. मी बादली उचलली आणि सवयीनं गॅलरीत उजेडाला नेली. तो ग्लास धरायचा तशी तिरपी केली. जांभळाचा रंग नव्हता, कौलाचा नव्हता. कड फिकी होईना, स्टीलला चिकटून खाली सरकत होती. वर काळे कण तरंगत होते, चहाच्या चोथ्यासारखे. गाळ तळाला बसतो, तरंगत नाही. मग वास घेतला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पावसात बस जाते तेव्हा खिडकीतून येतो तो वास.

मी बादली त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे कुठल्या सालचं?"

त्यानं बघितलंसुद्धा नाही. "शहाण्णवचं. त्याला गाळ जास्त असतो."

कॉलनीत राहून माझं बोलणं सुधारलंय, पण भ्याले की गावचंच तोंडात येतं. "ह्याला साल नाय," मी म्हटलं. "हा वास मना ठाव हाय. तुझ्या बापाला पडायचं तेच हाय हे."

त्याचा चेहरा पांढरा पडला. ही तिसरी वेळ, तो हळूच म्हणाला. शेवटची चव घशात कळते, गिळल्याशिवाय साल पक्कं होत नाही असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आधी एक घोट गिळला. मग दोन. मग हॉटेलात ड्युटी संपल्यावर एक ग्लास. आता किती ते तो मोजत नव्हता. मग माझे हात धरले. बारा दिवस दे, आये. परीक्षा झाली की दाखवतो डॉक्टरला. रियाला कळवू नको, तिची अवस्था बघ. कुणाला कळायला नको. दे ती बादली, मी धुतो.

आणि देवाशपथ सांगते, मी उठले. मोरीत गेले. फिनेलची बाटली उचलली, झाकण फिरवलं. पाचव्या मजल्यावर राख कुठून मिळणार, म्हणून हातानं फिनेल शोधलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला होता. आयुष्यात कधी भ्याले नाही एवढी मी त्या वेळी माझ्या हाताला भ्याले. चार महिने राख टाकून काशिरामला मारणारा हाच हात.

बाटली तिथंच ठेवली. बाहेर येऊन बादली घेतली, दुसऱ्या हातानं प्रणितचं मनगट धरलं आणि म्हटलं, चल. तो म्हणाला, निदान वर काहीतरी झाक. मी झाकलं नाही. पायात चपला वेगवेगळ्या जोडातल्या होत्या ते नंतर कळलं.

लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या पद्मजाताई होत्या. बादलीकडे बघून नाकाला पदर लावला आणि विचारलं, हौसाबाई, हे काय हो? प्रणितनं मान खाली घातली. मी त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"रक्त हाय," मी म्हटलं. "माझ्या पोराच्या पोटातलं. दारू पितो तो."

वीस वर्षांपूर्वी हे वाक्य बोलायला हवं होतं. खाली उतरल्यावर धावत जाऊन रिक्षा थांबवली ती पद्मजाताईंनीच. मी मागं बसले, बादली मांडीवर, पोराचं डोकं खांद्यावर. खड्डा आला की बादलीवर हात धरायचे. एक थेंब सांडू दिला नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण पोर होती. तिनं बादलीत बघितलं आणि लगेच खाट मागवली. सुई लावता लावता विचारलं, रोज किती घेता? प्रणितनं माझ्याकडे बघितलं. मी बादलीकडे बघत राहिले. मग त्यानं सगळं सांगितलं, कधीपासून आणि किती ते. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट होतं. वाचेल ना, मी विचारलं. ती म्हणाली, आत नळी घालून बघायला लागेल, आत्ता काही सांगता येत नाही, पण ही बादली सोबत आणलीत ते चांगलं केलंत.

त्याला आत नेलं. मी रियाला फोन लावला, तिला सगळं सांगितलं. ती रडली, मी रडले नाही. मग बाकावर बसून दाराकडे बघत राहिले. बादली मांडीवरच होती. एक नर्स आली, तिला माझी दया आली असावी. म्हणाली, आजी, द्या इकडे, धुऊन आणते.

मी नाही म्हटलं.