तांदळाच्या दाण्याने निवडलेला मिडवूफर

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या वाडीत त्या सकाळी शेळ्या सोडायचंही कुणाला भान नव्हतं. सगळी वाडी देवळाच्या मांडवात दाटली होती आणि सगळ्यांचे डोळे पाटावर उताण्या ठेवलेल्या एका काळ्या स्पीकरवर होते. त्याला ना ॲम्प्लिफायर जोडलेला, ना लाईट. त्याच्या गोल पडद्यावर तांदळाचा एक दाणा, आणि दोन तारांची टोकं नादानंद महाराजांच्या मुठीतल्या अंगाऱ्याच्या बटव्यात.

"हे कंपनेश्वरा! पॉझिटिव्ह व्हायब्रेशन धाड!" महाराज गरजले.

टप्प! दाणा टुणकन उडाला.

"उडाला गो बाय, उडाला!" म्हाताऱ्या गोदूबाईने हात जोडले. "लाईट नाय, काय नाय, आनि उडाला!"

मागे उभी ज्योती मात्र दाण्याकडे नाही, महाराजांच्या मुठीकडे बघत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. कॉपी करणारं पोर चेहऱ्यावरून नव्हे, हातावरून ओळखायचं, हे तिला पाठ होतं.

हा सगळा घोळ तिच्या नवऱ्याने घातला होता. बिरवाडीच्या कारखान्यात कामाला असलेला जितेश सप्ताहासाठी घरीच स्पीकर बनवत होता. खोकं झालं, वरचा बारीक आवाज काढणारा ट्वीटर बसला. राहिला होता मिडवूफर, म्हणजे ढोलकीच्या थापेपासून माणसाच्या बोलण्यापर्यंत सगळा भार वाहणारा. यूट्यूबवर सतरा जणांनी अठरा सल्ले दिले आणि जितेशचं डोकं चक्रावलं. शेवटी दोन उरले. एक महाराजांनी जीपमधून विकायला आणलेला, भल्यामोठ्या चुंबकाचा आणि जाड, जड पडद्याचा. दुसरा त्याने स्वतः महाडहून आणलेला, हलक्या कागदी पडद्याचा. माप एकच. निवडायचा कोणता? वाडीत विहीर कुठे खणायची, पोरगी कुठे द्यायची, सगळं देवाला कौल लावून ठरायचं. मग मिडवूफरनेच काय घोडं मारलं होतं!

ज्योतीला काळजी होती ती सासऱ्यांची. सप्ताहात वाडीची पिढीजात गवळण तेच, गोमाजीआबा, गायचे. गेल्या साली भाड्याच्या बॉक्समधून नुसता धबधबाट झाला, शब्द एकही कळला नाही, आणि लोक म्हणाले, आबा थकले. आबा घरी येऊन एवढंच बोलले, "या खेपेला शब्द नाय पोचलं तर मी टाळ खाली ठेवतो." तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता आणि ज्योतीला ते बघवत नव्हतं.

महाराजांनी आता कागदी पडद्याचा स्पीकर पुढे ओढला. या वेळी बटवा मांडीवर ठेवला, तारा नुसत्या चिमटीत धरल्या. मंत्र झाला, दाणा ढिम्म.

"देव नको म्हणतो! पडदा कागदाचा, नशीबही कागदाचं!"

जितेशने मान डोलावली.

"महाराज," ज्योती म्हणाली, "याच्याही तारा बटव्यात घाला ना. अंगारा दोघांना सारखाच हवा."

"शंका घेणाऱ्याच्या घरी नाद टिकत नाही, बाई!"

"ज्योती, गप ना, लोक बघतायत," जितेश कुजबुजला.

"बघू देत की. त्यासाठीच जमलेत."

तिने जितेशच्या पिशवीतून वीज मोजायचा मीटर काढला, मागचं झाकण उघडलं आणि आतली चौकोनी बॅटरी घेतली. कागदी स्पीकरच्या तारा तिला टेकवल्या. टप्प! दाणा उडाला तो थेट महाराजांच्या दाढीत.

मांडवात हशा पिकला. ज्योतीने नवा दाणा ठेवला, तारांची अदलाबदल केली. पडदा आत गेला. "आता देव नको म्हणाला." पुन्हा बदलल्या. पडदा वर आला. "आता हो म्हणतोय."

"येवढ्यात मन बदलतं देवाचं?" गोदूबाई बुचकळ्यात पडली.

"देवाचं नाही आजी, विजेची दिशा बदलली. आत चुंबक आहे, त्यात तारेचं वेटोळं. वीज शिरली की वेटोळं पडद्याला ढकलतं. मंत्र म्हणा, पाढे म्हणा, नाहीतर शिव्या द्या."

गोदूबाईने पुढे होऊन बटवा उचलला आणि पाटावर उलटा केला. राख पडली आणि राखेत चौकोनी बॅटरी.

"ती... ती ध्यानाची आहे," महाराज म्हणाले.

"मग जीपमधी बसून करा ध्यान!" गोदूबाई कडाडली. जीप घाट उतरेपर्यंत पोरं मागे पळत होती.

जितेश खाली मान घालून म्हणाला, "बरं, कागदीच बसवतो."

"मी म्हणते म्हणून? अहो, महाराजांचा नको तसा माझाही कौल नको."

मग दोन्ही स्पीकर आळीपाळीने खोक्यात बसवले, आवाज सारखा ठेवला, समोर घोंगडी टांगली. कोणता कधी वाजतो ते एकट्या जितेशला ठाऊक. आबा देवळाच्या आतून माईकवर गायले. पहिल्या वेळी गोदूबाई म्हणाली, "कोनतरी रांजनात बोलतंय." दुसऱ्या वेळी बायकांनी ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली. घोंगडी काढली तेव्हा खोक्यात कागदी पडदा होता.

"जड पडद्याला धपधप जमते, बोलण्याची चपळाई जमत नाही," ज्योतीने सांगितलं. "आणि ट्वीटर सुरू होतो तो बराच वरच्या, बारीक आवाजापासून. मधली जागा ओस पडते, आणि माणसाचे शब्द तिथेच राहतात. देवाला हात जोडा, कोण अडवतंय? पण जे ऐकून, मोजून, पारखून ठरवता येतं, ते कुणाच्या झाकल्या मुठीवर सोपवू नका. मूठ उघडायला सांगा. खरा असेल तो उघडेल."

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी आबा उभे राहिले. त्यांनी टाळ हातात घेतला. गवळण सुरू झाली. आणि पार लांबून, शेळ्यांच्या वाड्यापासून गोदूबाईची हाक आली.

"गोमाजी, दुसरं कडवं खाल्लंस रे!"

आबा थांबले. त्यांचे डोळे भरले आणि ते खुदकन हसले.

"तितं ऐकू गेलं तुला, गोदू?"

"सगलं! आता नीट म्हन!"

आबांनी टाळ वर घेतला आणि दुसरं कडवं पहिल्यापासून धरलं.