पहिल्या पसंतीचा कट्टा

मी एक जुना कट्टा आहे. जुना म्हणजे बहात्तरच्या दुष्काळातला. मित्रांनो, तुमची सहल दरवर्षी माझ्यापाशी येते. तुम्ही माझ्यावर बसून चिवडा खाता, पाय हलवता, दरीकडे बघून ओरडता आणि निघून जाता. मला कुणी बांधलं, कशासाठी बांधलं, हे विचारावंसं तुम्हाला कधी वाटलं नाही. त्याचा मला राग नाही. माझे राग वेगळे आहेत. आज ते ऐकून घ्या. गोड लागणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

मी बालाघाटच्या डोंगराच्या अगदी कडेला उभा आहे. पाठीमागे पठार, पठारावर गाव, गावाबाहेर एक वस्ती. समोर दरी आणि दरीच्या तळाशी झरा. गावातल्या आडावर वस्तीच्या बायकांना पूर्वी चढू देत नसत. वस्तीनं छप्पन साली धम्म घेतला, विहार बांधला, पोरं शाळेत घातली, पण आड काही मोकळा झाला नाही. म्हणून वस्तीचं पाणी दरीतलं. उतरताना सोपं, चढताना जीव काढणारं.

बहात्तर साली या कड्यावरून घाटरस्ता काढायचं दुष्काळी काम निघालं. तीनशे माणसं खडी फोडायची. त्यांना पाणी पाजायला वस्तीतली बायडाबाई होती. वय विशीचं, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, दिवसभर खेपा. आता भरला हंडा डोक्यावर घेतलेल्या बाईची एक अडचण असते. ती तुम्हाला माहीत नसणार, कारण तुमच्या घरी नळ आहे. तिला तो हंडा एकटीनं खाली ठेवता येत नाही. उतरू लागायला दुसरं माणूस लागतं, उचलू लागायलाही लागतं. एकटी असली की तिनं चालत राहायचं, नाहीतर पाणी सांडायचं. तिसरा रस्ता नाही.

बायडाबाईनं धोंडीराम नावाच्या गवंड्याला गाठलं आणि चढ संपतो तिथं काहीतरी उंच बांधून दे म्हणाली. धोंडीराम कमी बोलणारा माणूस. त्यानं तिला सरळ उभं केलं, तिच्या खांद्याला काठी लावली आणि काठीवर चुन्याची खूण केली. उरलेल्या काळ्या दगडांतून त्या खुणेइतका उंच त्यानं मला रचला. बाईनं पाठ करून उभं राहायचं, गुडघ्यात जरा वाकायचं, मान मागं करायची, हंडा अलगद माझ्यावर सरकायचा. दम खायचा. मग तसंच डोकं खाली घालून हंडा पुन्हा घ्यायचा आणि चालू लागायचं. कुणाच्या हातापाया पडायला नको. मी बसायला बांधलेला नाही, मित्रांनो. बघायला तर नाहीच नाही.

घाटरस्त्याचं काम पुढं बंद पडलं, खडीचे ढीग गवतात गेले, मी मात्र राहिलो. चाळीस वर्षं वस्तीतल्या बायका माझ्यावर हंडे टेकवत आल्या. त्यांच्या मागून त्यांच्या सुना आल्या. आणि मी तेव्हा कसा होतो सांगू? मी कुढत होतो. चाळीस वर्षांत मला कुणी छान म्हटलं नाही. दमलेल्या बायकांच्या तोंडून मला 'आई गं' एवढंच ऐकू यायचं. माझ्यासमोर एवढी मोठी दरी, सीताफळांचे डोंगर, पावसाळ्यात खाली उतरलेले ढग, आणि त्या बायका दरीकडे पाठ करून उभ्या. मला वाटायचं, आपलं नशीबच फुटकं.

मग गावातले आप्पाराव आले. मोठे जमीनदार आणि दूध संस्थेचे चेअरमन. दोन वर्षं पाऊस झाला नाही तेव्हा जनावरं छावणीला गेली आणि दुधाची संस्था बसली. आप्पारावांकडे खुर्ची होती, शिक्का होता, टेबल होतं, फक्त दूध नव्हतं. तेव्हा त्यांनी पर्यटनाची सहकारी संस्था काढली. मांजरसुंब्यापासून धर्मापुरीपर्यंत डोंगराच्या धारेनं आठ दिवसांची पायवाट आखली. दगडांवर पांढरे बाण काढले, वाटेवर चौदा प्रेक्षणीय ठिकाणं ठरवली आणि प्रत्येक ठिकाणी पत्र्याच्या पेटीत एक अभिप्रायाची वही ठेवली. चालणाऱ्यांनी वहीत पसंती द्यायची आणि वर्षाच्या शेवटी संस्थेनं नंबर काढायचे.

बाकीची तेरा ठिकाणं मला तोंडपाठ आहेत, कारण मी त्यांच्यावर जळायचो. एकावर पवनचक्क्या दिसतात. एकावरून तळं दिसतं, अर्थात तळ्यात पाणी असेल तर. एक ठिकाण म्हणजे नुसता खडक आहे, पण तिथं सूर्य बुडतो म्हणून लोक माना वेळावतात. पहिल्याच वर्षी या सगळ्यांना मागं टाकून मी पहिला आलो. का आलो, ते वहीत लिहिलेलं होतं. दरीमुळं नाही, डोंगरांमुळं नाही. सकाळच्या उन्हात पाणी घेऊन चढणाऱ्या बायकांची रांग माझ्यापासून दिसते म्हणून. एकानं लिहिलं होतं की असं जिवंत चित्र त्यानं कुठंच पाहिलं नाही. मी फुगलो. आता सांगायला लाज वाटते, पण खरंच फुगलो.

पहिला नंबर आल्यावर कोडकौतुक सुरू झालं. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना माझ्यावर चढता येईना. एका बाईंची नडगी सोलवटली आणि त्यांनी वहीत लिहिलं, जागा सुंदर आहे पण बसायची सोय नाही. आप्पारावांनी आठवड्यात माणसं लावली. माझे वरचे तीन थर काढले, वर शहाबादी फरशी बसवली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. मी गुडघ्याएवढा झालो. मला वाटलं, म्हातारपणी आपलं लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई आली. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, तोंड मात्र तसंच फटकळ. ती नेहमीसारखी वळली, वाकली, मान मागं केली, आणि मागं काहीच नव्हतं. तिनं स्वतःला कसंबसं सावरलं. माझ्याकडं बघून तिनं आप्पारावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझाही केला. त्या दिवसापासून बायका जोडीनं यायला लागल्या. एकीनं दुसरीचा हंडा उतरू लागायचा, दुसरीनं पहिलीचा. तसं निभत होतं.

तेवढ्यात वहीत नवी तक्रार आली. बायकांचे हंडे प्लास्टिकचे होते, निळे, केशरी, विटके. फोटोत ते वाईट दिसतात. संस्थेनं विहारासमोर मंडप घालून कार्यक्रम केला आणि जुन्या प्लास्टिकच्या हंड्याच्या बदल्यात नवा पितळी हंडा दिला, वर बाईचं नाव कोरून. मित्रांनो, इथं मी त्या बायकांना दोष देत नाही. आपल्याकडं भांड्यावर नाव असणं ही मोठी गोष्ट असते. लग्नात ज्यांना भांडी मिळाली त्यांच्या भांड्यांवर बापाचं नाव, नाहीतर सासऱ्याचं. बायडाबाईच्या जन्मात तिच्या नावाचं भांडं कधी नव्हतं. तिनं आपल्या सुनेकडून, मनकर्णाकडून, ते नाव तीन वेळा वाचून घेतलं. रिकामा हंडाच चार किलोचा आहे, हे तिच्या ध्यानात आलं ते भरून वर चढताना. तोवर प्लास्टिकचे हंडे भंगारात गेले होते.

आता मनकर्णाचं सांगतो. बारावी शिकलेली, शांत, पण एकदा धरलं की सोडत नाही अशी. एका पाहुण्यानं फोटोसाठी तिचा भरला हंडा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि हसता हसता अर्धा सांडला. त्या अर्ध्या हंड्यासाठी ती पुन्हा दरीत उतरली. मग ती थेट संस्थेच्या वार्षिक सभेत गेली. वस्तीतलं कुणी सभासद नव्हतं, तरी उभी राहिली आणि दोन गोष्टी मागितल्या. कट्ट्याचे तीन थर परत बसवा, आणि पाहुण्यांना आमच्या हंड्यांना हात लावू देऊ नका. थर परत बसवले तर लोक बसणार कुठं, असं आप्पारावांनी विचारलं आणि सभासदांनी नामंजूर, नामंजूर म्हणून तो विषय मिटवला. दुसरी मागणी मात्र आप्पारावांनी लगेच मान्य केली. आठ दिवसांत माझ्या शेजारी लोखंडी फलक लागला. पाणी नेणाऱ्या महिलांना अडवू नये. त्यांच्या हंड्यांना स्पर्श करू नये. नियम मोडणाऱ्यास पायवाटेवरून परत पाठवले जाईल.

मनकर्णाला वाटलं, निम्मं तरी मिळवलं. तिनं फलक सासूला वाचून दाखवला. बायडाबाई बराच वेळ हसली.

"पयले आमी हात लावल्यालं चालत नव्हतं," ती म्हणाली. "आता आमच्याला कुणी लावायचा न्हाई. बरंय की."

पुढचं साल पुन्हा कोरडं गेलं. चैत्र सरला तेव्हा झऱ्याची धार करंगळीएवढी उरली. एक हंडा भरायला तास लागायचा. म्हणून बायकांनी नंबर लावले. पहिलीचा भरला की ती वर निघायची आणि दुसरी हंडा धारेखाली लावून बसायची. जोडीनं चढणं बंद झालं. रांगही मोडली. वहीत लगेच नाराजी उमटली, की आता एकेकटीच बाई दिसते.

वैशाखातल्या एका सकाळी बायडाबाईचा नंबर पहिला होता आणि तिच्या मागं मनकर्णाचा. माझ्यावर तेव्हा नऊ माणसं बसली होती. वाईट माणसं नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. कचरा पिशवीत भरणारी, हळू बोलणारी, वस्तीतल्या पोरांसाठी वह्या घेऊन आलेली माणसं. बायडाबाई चढ संपवून वर आली तेव्हा ती सगळी अदबीनं उठून बाजूला झाली. तिच्या छातीचा भाता झाला होता. ती माझ्याशेजारी उभी राहिली.

"उतरू लागा रे बाबांनो जरा."

कुणी पुढं आलं नाही. एका मुलीनं फलकाकडं बोट दाखवलं आणि मऊ आवाजात सांगितलं की आजी, आम्हाला परवानगी नाही.

"हंडा माझा हाय. नाव बघ माझं त्येच्यावर," बायडाबाई म्हणाली. "मी सांगते, हात लाव."

ती मुलगी एक पाऊल पुढं आली. खरंच आली होती. तेवढ्यात तिच्यासोबतचा एक जण म्हणाला की आत्ता असं म्हणतात, पण नंतर तक्रार यांचीच असते, म्हणून तर फलक लावलाय. मुलगी थांबली. दुसऱ्यानं फोटो काढला. उन्हात पितळ लखलखत होतं आणि बायडाबाईचं तोंड सावलीत होतं. फोटो फार चांगला आला, असं मी पुढं अनेकदा ऐकलं.

बायडाबाईनं आणखी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग ती पाठमोरी झाली आणि मी जिथं उरलो होतो तिथवर पोचायला खाली वाकू लागली. खांद्याएवढा असतो तर ती वाचली असती. गुडघ्याएवढा होतो. अर्ध्या वाटेत तिचा गुडघा मोडल्यासारखा बसला, हंडा आधी गेला आणि त्याच्या मागं ती. तिचं कानशील माझ्या घासून गुळगुळीत केलेल्या कडेवर आपटलं. माझ्याच कडेवर, मित्रांनो. दुसऱ्या कुणाच्या नाही.

मग सगळ्यांनी हात लावला. अठरा हात. कुणी डोकं धरलं, कुणी पाय, कुणी रुमाल बांधला, कुणी आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडात घातलं. ती मुलगी मोठ्यानं रडत होती. बायडाबाईचं पाणी फरशीवरून वाहून दरीत गेलं. मनकर्णा भरला हंडा घेऊन वर आली तेव्हा तिची सासू गावातून बोलावलेल्या जीपमध्ये ठेवलेली होती. बीड यायच्या आधीच ती गेली.

संस्थेनं रीतसर शोकसभा घेतली, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली आणि त्याच बैठकीत माझ्या पुढच्या बाजूला लोखंडी कठडा मंजूर केला. तो फोटो मोठा करून कार्यालयात लावलाय. त्याखाली बायडाबाईचं नाव नाही, माझ्या ठिकाणाचा नंबर आहे. त्याही वर्षी मी पहिलाच आलो. फलक अजून आहे. मागच्या दिवाळीत त्याला नवा रंग दिला.

आता इथं मी तुम्हाला काहीतरी मागायला हवं. कट्ट्यावर नावं कोरू नका, कचरा टाकू नका, जुन्या वास्तू जपा, असं. कोरा खुशाल नावं. मला जपून काय करणार आहात? माझी जपणूक झाली तीच तिला भोवली. मला मागायचं आहे ते एवढंच. तुम्ही माझ्यावर बसलेले असाल आणि समोरून बाई हंडा घेऊन आली, तर तिनं म्हणायची वाट बघू नका. फलक वाचत बसू नका. उठा आणि हंडा धरा. ती रागावली तर रागावू दे.

कारण मनकर्णा म्हणणार नाही. फलक तिनंच मागितला होता, हे ती विसरलेली नाही, आणि मीही विसरलेलो नाही. सासूचा हंडा आता ती वापरते. पोचा पडलाय, पण गळत नाही. रोज सकाळी ती धापा टाकत चढ संपवते, माझ्यापाशी येते, आणि माझ्याकडं, तुमच्याकडं, कुणाकडंही न बघता तशीच पुढं वस्तीकडं चालत जाते. तुम्ही मागून बघता आणि म्हणता, मान बघा किती ताठ आहे.